केंजळगडाच्या पायऱ्यांवर

चैत्र मला आवडत नाही. असं म्हटलं की समोरची बाई चमकून बघते. हळदीकुंकवाच्या भरल्या घरात, हातात पन्ह्याचं भांडं असताना तर असं मुळीच बोलू नये. पण माझं वय आता असं झालंय की माझं बोलणं कोणी फारसं मनावर घेत नाही. "आजी, अहो, चैत्र म्हणजे वसंत!" अशी एखादी सून माझी समजूत घालते आणि आंब्याच्या डाळीची वाटी पुढे सरकवते. डाळ मी खाते. डाळीशी माझं भांडण नाही.

भांडण असलंच तर करवंदांशी आहे. या दिवसांत सांगलीच्या मंडईच्या तोंडाशी शिराळ्याकडच्या बाया पाट्या घेऊन बसतात. पळसाच्या पानाचे द्रोण, त्यांत काळीभोर करवंदं, आणि त्यांच्यावर भिजवलेलं फडकं. मी मान वळवून झपाझप पुढे जाते, पण वास काही मान वळवून चुकवता येत नाही. तो आला की ओठांवर करवंदाचा चीक चढल्यासारखा होतो, पायाखाली तापलेला कातळ येतो, आणि वणव्यानं काळ्या झालेल्या उतारावर मध्येच एक लालभडक पांगारा उभा राहतो. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. सुनेला वाटतं, ऊन लागलं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षीचा चैत्र होता तो. मी सांगलीला मावशीकडे राहून कॉलेज करत होते आणि परीक्षा आटोपून वाईला घरी आले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाईच्या कोर्टात वकिली करत. ते सुधारक होते. म्हणजे गावानं त्यांना तसं ठरवून टाकलं होतं आणि त्यांनीही ते मान्य केलं होतं. घरात सोवळंओवळं नव्हतं, पत्रिका नव्हत्या, आणि एक वाक्य होतं, जे मी परकर नेसायची तेव्हापासून ऐकत आले होते. "माझी मुलगी पोह्यांची बशी घेऊन कुणाच्याही पुढे मान खाली घालून बसणार नाही. ती काय बाजारातली गाय आहे?" पाहुण्यांसमोर ते हे मोठ्यानं म्हणत. आई तेवढ्यापुरती आत निघून जाई. मी मात्र तिथेच उभी राहून ऐकायची. माझ्या मैत्रिणी एकेक करून बशा घेऊन बसत होत्या, रंगानं नापसंत होत होत्या, उंचीनं नापसंत होत होत्या, आणि मी त्यांच्याकडे कीव आल्यासारखी बघत असे. माझे वडील वेगळे होते ना!

दादा तेव्हा साताऱ्याला नोकरीला होता आणि तिथल्या एका डोंगरमंडळात जात असे. ड्रिल शिकवणारे एक नाना होते, त्यांनी ते मंडळ काढलेलं. सुट्टी लागली की दहाबारा जण खाकी चड्ड्या घालून, पाठीला पिशव्या लावून गडावर निघत. त्या वर्षी दादा घरी आला आणि म्हणाला, "शालू, या वेळी नाना वहिनींनाही आणणार आहेत. तू येतेस का? कमळगड, केंजळगड, रायरेश्वर. चार दिवस." मला वाटलं, तो थट्टा करतोय. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "जाऊ दे की. मुलींनी डोंगर बघू नयेत असं कुठं लिहिलंय?"

मी त्यांच्या गळ्यात पडायचीच बाकी राहिले होते. वाईच्या आमच्या आळीत अशी मुलगी नव्हती जी चार दिवस डोंगरात गेली होती. आईचं एक जुनं नऊवारी काढलं, कासोटा घट्ट मारला, दादाचे कापडी बूट पुढे चिंध्या कोंबून घातले. आईनं माझी वेणी घालताना नेहमीपेक्षा जास्त तेल लावलं, आणि मी ओरडले, "डोंगरात कोण बघणार आहे माझी वेणी!" तिचा हात एकदम थांबला. मग तिनं शेपटा बांधून टाकला.

धोमच्या वाटेवर सगळे भेटले. नाना, त्यांच्या पत्नी माईवहिनी, मंडळातले पाचसहा जण, आणि दादाचे एक नवे मित्र, लिमये. ते पुण्याहून आले होते, सरकारी इंजिनिअर होते, अंगानं जरा स्थूल, बोलायला शांत. वहिनींचे ते दूरचे नातलग लागत. मला त्यांच्याबद्दल चांगलं वाईट काहीच वाटलं नाही. माझं लक्ष होतंच कुठं? समोर कमळगडाचं झाडीनं भरलेलं डोकं होतं, आणि चालण्याऐवजी पळावंसं वाटत होतं.

काय काय सांगू त्या दिवसांचं! अंजनीला फुलं आली होती, काड्यांना निळ्या जांभळ्या रंगाचे झुबके चिकटलेले. झाडीत शिरलं की एकदम गार वाटे आणि बाहेर पडलं की ऊन थोबाडीत मारी. चहात साखर नव्हती, साखर रेशनवर होती. नाना गुळाचा चहा करत आणि तो दर वेळी नासे, आणि तो नासका चहा आम्ही चवीनं पीत होतो. कमळगडावर कावेची विहीर आहे. विहीर म्हणायची, पण पाणी नाही. कातळाच्या फटीतून खाली खाली पायऱ्या जातात आणि तळाशी लाल ओली माती लागते. वर उन्हानं डोकं फुटत असताना तिथे अशी गारठ्याची झुळूक येते की अंगावर काटा उभा राहावा. मी त्या कावेत दोन्ही हात बुडवले आणि तसेच तोंडाला पुसले. वर आले तेव्हा सगळे मला बघून हसले. मीही हसले. घरी असं तोंड घेऊन मी कुणासमोर उभी राहिले असते का?

कारण घरी, आळीत, सांगलीच्या रस्त्यावर, कॉलेजच्या जिन्यात कुणी ना कुणी बघत असायचंच. मुलीच्या जातीला ते इतकं अंगवळणी पडतं की पदर आपोआप सारखा होतो, हसू आपोआप आवरलं जातं. त्या डोंगरात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आपण पदर सारखा केलेला नाही, आणि कितीतरी वेळात केलेला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी बघत नव्हतं. मी मोठ्यानं गायले, करवंदाच्या जाळीत शिरून हात ओरबाडून घेतले, पिठलं करपवलं आणि करपलेलंच सगळ्यांना वाढलं. दादा तेवढा मधूनमधून म्हणे, "शालू, जरा हळू." मला वाटे, दम लागतोय त्याला.

वाटेत एका खिंडीच्या अलीकडे धनगरांची दोन घरं होती. तिथल्या एका म्हातारीनं आम्हांला ताक दिलं. माझ्या शेजारी ती उकिडवी बसली आणि माझ्या कासोट्याकडे बघत म्हणाली, "कुठली गं तुमी?"

"वाईच्या."

"आन् त्यो झाडाखाली बसलाय, त्यो तुजा मालक व्हय?"

"नाही हो आजी, ते दादाचे मित्र आहेत."

"मग बघाय आलाय म्हन की. लय येळ झाला, तुज्यावरनं नजर हलंना त्याची."

मी इतकी हसले की ताक नाकात गेलं. धावत जाऊन माईवहिनींना सांगितलं, "वहिनी, ऐका, ती आजी काय म्हणतेय!" वहिनींनी ऐकलं. मग माझ्या भांड्यात आणखी ताक ओतत म्हणाल्या, "खेडवळ बायका, काहीही बोलतात. पी तू."

आणि मी ते प्याले.

नानांच्या मंडळाचा एक नेम होता. सगळ्यांत सावकाश चालणारा माणूस रांगेत सगळ्यांत पुढे ठेवायचा, म्हणजे त्याच्या चालीनं सगळे चालतात आणि कुणी मागे पडत नाही. चपळ माणसं शेवटी. शहाणा नेम आहे, डोंगरात अजून पाळतात म्हणे. त्यामुळे लिमये कायम पुढे असत आणि मी कायम शेवटी. केंजळगडाच्या माथ्याला कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, सरळ उभ्या. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. त्या पायऱ्या निम्म्या चढल्यावर लिमये थांबले. पुढेही जाईनात, मागेही येईनात. भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभे. रांगच्या रांग त्यांच्यामागे अडकली. नाना खालून ओरडत होते, "डोळे उघडा, वर बघा!" पण ते डोळे उघडत नव्हते.

मी शेवटून निघाले. कडेच्या बाजूनं एकेकाला ओलांडत वर गेले, त्यांच्याही पुढची पायरी घेतली आणि हात खाली केला. "लिमये, माझा हात धरा. आता पाय उचला. हं, दुसरा." त्यांचा हात घामानं थंडगार झाला होता. तसे आम्ही वर गेलो. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नानांनी माझी पाठ थोपटली. लिमयेही हसले, म्हणाले, "थँक यू." मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही सांगता येतं. मला वाटलं, मी कुणीतरी आहे. वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा होत्या, आणि मी त्या सगळ्यांच्या वर उभी होते. दादानं मात्र टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेव्हा मी ते बघितलं आणि सोडून दिलं.

घरी आले ती रापून, हातांवर ओरखडे, टाचा फुटलेल्या. आठदहा दिवस मी त्याच नशेत होते. आईला, शेजारणींना, दाराशी आलेल्या कुणालाही मी केंजळगड सांगत होते. मग एका दुपारी साताऱ्याहून माईवहिनी आल्या. आईशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलल्या, माझ्या गालाला हात लावला आणि चहा न घेताच गेल्या. मी आत गेले तर आई डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. पत्रिका जुळत नाही म्हणे."

"कुणाची?"

आईनं माझ्याकडे बघितलं, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं तिचं सुटलंच. "अगं, चार दिवस तो मुलगा तुला बघत होता, तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं होतं यांना, सरळ बोलवा, मी पोहे करते. पण त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणे, मुलीला अपमान वाटता कामा नये. तिला कळूच द्यायचं नाही."

ज्या घरात पत्रिका नव्हती, त्या घराला पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं होतं, आणि अण्णांनी ते मुकाट्यानं मान्य केलं. पुढे तर कुणी विचारलं की तेही तेच सांगत.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी चुलीपुढे नुसती उभी राहिले आणि ते चार दिवस एकेक करून माझ्या हातातून गेले. ओढ्यावर आंघोळ करताना वहिनींनी हौसेनं माझी पाठ चोळली होती, "कातडी काय नितळ आहे गं तुझी!" त्या कोड शोधत होत्या. जेवण झाल्यावर "केस मोकळे सोड, विंचरते" म्हणाल्या होत्या. त्या गंगावन आहे का ते बघत होत्या. "तो पलीकडचा गड दिसतो का, त्यावरचं झाड दिसतं का?" असं लिमयांनी विचारलं, तेव्हा मी दिसतं म्हणाले आणि त्यांना झाडाची फांदी न् फांदी सांगितली. ते माझे डोळे तपासत होते. गाणं म्हणायला सांगितलं, पिठलं करायला सांगितलं, आणि करपलं तेव्हा सगळे हसले, ते कशाला हसले? एकेका आठवणीला हात लावावा तर तिच्यामागे कुणीतरी उभं. जिथे मला कुणी बघत नव्हतं म्हणून मी जीव ओतून हसले, तिथे माझ्या हसण्यातले दात मोजले जात होते. मंडळात सगळ्यांना माहीत होतं. ताकवाल्या म्हातारीलासुद्धा एका नजरेत कळलं होतं. माहीत नव्हतं ते एकटीला मला.

पोह्यांची बशी घेऊन बसलेल्या मुलीला निदान एवढं माहीत असतं की आता अर्धा तास आपल्याला बघितलं जाणार. ती पावडर लावते, मान खाली घालते, आतलं काय ते आत ठेवते आणि बाहेरचं तेवढं बशीबरोबर पुढे करते. माझ्याजवळ आत ठेवलेलं काही उरलंच नव्हतं. मी सगळं उघडून दिलं होतं.

मी अण्णांच्या खोलीत गेले. "अण्णा, लिमये मला बघायला आले होते?"

"हो," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात अपराधाचा मागमूस नव्हता. "आईनं सांगितलं वाटतं. जाऊ दे, तो मुलगा तुझ्या लायकीचाच नव्हता. तुला काही त्रास झाला नाही ना? मान खाली घालून बसावं लागलं नाही, कुणी नाव गाव विचारलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही."

"चालून दाखवलं की. पार केंजळगडापर्यंत."

अण्णा मोठ्यानं हसले. त्यांना माझं बोलणं आवडलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी ते चार वकिलांना सांगितलंही.

दादा पुढच्या सुट्टीत आला तेव्हा मी त्याच्याशी बोलत नव्हते. तोच शेवटी चिडून म्हणाला, "सगळं जमत आलं होतं. पायऱ्यांवर तुला पुढे जायची काय गरज होती? नाना होते ना. पुरुषमाणसाला चारचौघांत हात धरून ओढत नेलंस. कोण पसंत करेल?" मी त्याला म्हटलं, "मला नापसंत केलं म्हणून मी रडतेय असं वाटतं का तुला?" त्याला तसंच वाटत होतं. प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दुसरं स्थळ बघू."

दुसरं स्थळ आलं तेव्हा मी आईला सांगितलं, "पोहे कर." अण्णा संतापले. "माझ्या घरात हे चालणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मग मी लग्न करणार नाही." आईनं कांदा चिरायला घेतला. सांगलीची माणसं होती, मुलगा हायस्कुलात मास्तर. मी बशी घेऊन गेले, पाटावर बसले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाच्या आईनं दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी उठले आणि दारापर्यंत चालत जाऊन परत आले. माझ्या मैत्रिणी या चालण्यापायी रात्ररात्र रडल्या होत्या. मला रडू आलं नाही. मी कुणापुढे चालतेय ते मला ठाऊक होतं, आणि जेवढं दाखवायचं तेवढंच मी दाखवत होते. अण्णा तो सबंध वेळ बाहेर ओट्यावर बसून होते. आपल्या मुलीनं आपली मान खाली घालायला लावली, असं ते नंतर कितीतरी दिवस म्हणत होते.

यांना, म्हणजे त्या मास्तरांना, मी लग्नानंतर कधीतरी सगळं सांगितलं. माणूस भला होता. ऐकून हसले आणि म्हणाले, "लिमयांनी नको म्हटलं म्हणून तर माझं फावलं!" ते प्रेमानंच म्हणाले. पण त्यांनाही त्यात एक नकारच दिसला. लिमयांचा नकार मी त्याच महिन्यात विसरले असते. आज तो माणूस रस्त्यात भेटला तर मी ओळखणारही नाही. डोंगर मात्र मी पुन्हा कधी चढले नाही. घरची मंडळी पन्हाळ्याला गेली, महाबळेश्वरला गेली, की मी गाडीत बसून जाते आणि गाडीत बसून येते. पाय दुखतात म्हणते. पाय अजून धडधाकट आहेत. उघड्यावर चार पावलं टाकली की मान आपोआप मागे वळते, आणि त्या मान वळवण्याची मला स्वतःचीच इतकी चीड येते की मी तिथूनच परत फिरते.

आई गेल्यावर अण्णा शेवटची काही वर्षं आमच्याकडे सांगलीला होते. स्मृती चांगली होती, नजर कमी झाली होती. एका चैत्रातल्या दुपारी मी त्यांच्यासमोर कैऱ्या किसत बसले होते. एकदम म्हणाले, "शालू, तुला आठवतं? तुला मी डोंगरात पाठवलं होतं. चार दिवस. त्या काळात वाईत एक तरी बाप पाठवत होता का मुलीला?"

त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यात आपण एक चांगली गोष्ट केली आणि तिची साक्षीदार समोर बसली आहे, असं ते माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. एक शब्द पुरला असता. किसणी ठेवून मी हात पुसले.

"पाठवलं नव्हतंत, अण्णा. दाखवलं होतंत."

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, "एकच की ते," आणि चहा मागितला.